बासष्टावी खुंटी

आमच्या ब्रॅनम कॉलेजात सहाशे पोरं-पोरी शिकतात आणि त्यातली एकसष्ट पोरं फुटबॉल खेळतात, हेल्मेट घालून धडकायचा तो अमेरिकी फुटबॉल. संघाचं नाव ‘करकोचे’. ज्याने ठेवलं त्याने करकोचा कधी कुणाला धडकताना पाहिला असेल तर मला येऊन भेटावं. मी वर्लिन टॉलफ्सन, या संघाचा सामानवाला. हेल्मेटं, खांद्यांचे पॅड, जर्सी, चिखलाने भरलेले मोजे, सगळं माझ्या ताब्यात. एकतीस वर्षं झाली. तेवढ्यात सात कोच आले आणि गेले. मी आणि धुण्याचं मशीन तेवढे टिकलो, आणि मशीनही दोनदा बदललं.

सामानाच्या खोलीत भिंतीला लाकडी खुंट्या आहेत. चौसष्ट, माझ्याच हातच्या. शनिवारी सामना झाला की पोरं आपापलं हेल्मेट टांगून जातात. रविवारी चर्चमधून आलो की मी ती मोजतो, आतला घाम पुसतो, तोंडापुढच्या जाळ्यांचे स्क्रू आवळतो. या कामात कुणी मदतीला आलेलं मला खपत नाही. बायको म्हणायची, “पोरांची हेल्मेटं पुसतोस तशी कधी घरातली एक बशी पुसलीस का?” ती गेली त्याला चार वर्षं झाली. बशा आता मीच पुसतो.

यंदा सप्टेंबरात पहिला सामना आम्ही एकतीस गुणांनी हरलो. त्यात नवल काही नव्हतं. गेल्या बावीस वर्षांत आमच्या संघाने निम्म्याहून जास्त सामने कधी जिंकलेले नाहीत. रविवारी मोजायला लागलो तर हेल्मेटं बासष्ट भरली.

वाटलं, चुकलो. बोट लावून पुन्हा मोजली. शेवटच्या तीन खुंट्या रिकाम्या असायला हव्या होत्या, आणि बासष्टाव्या खुंटीवर एक हेल्मेट होतं. रंग आमचाच, गडद हिरवा. पण जाळी जाड सळयांची, तसल्या आम्ही केव्हाच बंद केल्या. आत हात घातला तर गाद्या ओल्या होत्या आणि कोमट. सामना संपून वीस तास होऊन गेले होते. बाकीची सगळी वाळून गार पडलेली. उलटं करून पाहिलं. मागे चौतीस नंबर. आत कपाळाच्या गादीवर पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात नाव होतं, रॉन्सटाड.

मी ते ठेवलं नाही, हातातून पडलं. फरशीवर डुलत राहिलं आणि थांबलं तेव्हा जाळी माझ्याकडे होती. मी भ्यालो. त्या खोलीत एकतीस वर्षांत पहिल्यांदा भ्यालो.

टेट रॉन्सटाडला जाऊन पंधरा वर्षं झाली. त्याचं सांगायलाच हवं. डोक्याला मार बसलेल्या पोराला नुसतं बाकड्यावर बसवून भागत नाही. कोचची पाठ वळली की ते गर्दीतून सटकतं आणि पुन्हा मैदानात जाऊन उभं राहतं. म्हणून दुखापती बघणारा ट्रेनर त्याचं हेल्मेटच काढून घेतो आणि भरवशाच्या माणसाकडे ठेवायला देतो. हेल्मेट नाही तर खेळ नाही, वाद घालायचं काम नाही. त्या वर्षी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, आमचा तेव्हाचा ट्रेनर गॉर्डी याने टेटला विचारलं, आज वार कोणता? टेटने महिना सांगितला. गॉर्डीने त्याचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. भरवशाचा माणूस मी.

चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये टेट माझ्यामागे येऊन उभा राहिला. “दोनच चाली, वर्लिन. आई आलीये, तीनशे मैल गाडी चालवून. तिच्यासमोर असा बसून राहू?” मी नाही म्हटलं. तो हसला. “तुम्ही मला देऊ नका. तुम्ही फक्त तिकडे बघा.”

मी तिकडे बघितलं. गुणफलकावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं. मांडीवरचं वजन गेलेलं मला कळलं.

दुसऱ्या चालीनंतर तो उठला नाही. सोमवारी इस्पितळात वारला. चौकशीत मी सांगितलं की हेल्मेट मी बाकड्यावर ठेवलं होतं, त्याने उचललं असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. गॉर्डी मात्र ‘मी माझ्याजवळच ठेवायला हवं होतं’ असं म्हणत म्हणत म्हातारा झाला आणि तसाच गेला. त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला, पण तोंड उघडलं नाही. टेटचं हेल्मेट मी स्वतः चकचकीत करून त्याच्या गावी नेलं होतं. त्याच्या आईने, शार्लीनने, ते शवपेटीत त्याच्या उशाशी ठेवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत झाकण बंद झालं.

तेच आता माझ्या पायाशी होतं, आणि आतून ओलं होतं.

कुणाला सांगणार? हेल्मेटाचं सांगायचं तर मागचं सगळं सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ते लोखंडी ट्रंकेत टाकलं, कुलूप घातलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. फेकायला हात धजला नाही. ट्रंक दर सामन्याला माझ्याबरोबर मैदानाच्या कडेला येते. तिच्यात जादा पट्टे, स्क्रू, पकडी असतात आणि मी तिच्यावरच बसतो. म्हटलं, नजरेखाली राहिलेलं बरं.

दुसऱ्या शनिवारी जिंकलो. रविवारी कुलूप काढलं तर हेल्मेट पुन्हा ओलं होतं आणि त्याच्या उजव्या कानावर पिवळा ओरखडा होता. ज्यांना हरवलं त्यांची हेल्मेटं पिवळी. दोन हेल्मेटं जोरात आपटली की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. तो पुसून काढायचं काम माझंच, त्यामुळे त्यात माझी चूक व्हायची नाही. आणि हे हेल्मेट तर सामनाभर बंद ट्रंकेत होतं, माझ्या बुडाखाली.

त्यानंतर आम्ही जिंकतच गेलो. एका रविवारी लाल ओरखडा, एका रविवारी निळा. जाळीत गवत अडकलेलं, तेही त्या त्या गावच्या मैदानाचं. प्रत्येक वेळी मी ते पुसायचो आणि पुन्हा कुलूप घालायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मला या हंगामात कळलं. कुणी नुसतं “वर्लिन” अशी हाक मारली तरी हात आधी किल्लीकडे जायचा.

गावाला मात्र उधाण आलं होतं. स्टँडवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी आता घरी बोलावून गोडधोड खायला घालायला लागली. आमचा कोच रूड, चाळिशीचा उमदा माणूस, एकदा सामानाच्या खोलीत डोकावून म्हणाला, “वर्लिन, यंदा साबणात काय कालवलंत? पोरं आवरत नाहीत.”

“तू हरायचास तेव्हाही साबण हाच होता,” मी म्हटलं.

लोकांच्या मते खरं कारण होतं एमेट व्हेटर. बावीस नंबर. चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम. तांबड्या केसांचं, तोंडाळ, लाघवी पोर. ऑक्टोबरात एका सोमवारी तो हेल्मेट घेऊन माझ्याकडे आला.

“जरा ढिलं करा ना.”

“गेल्या आठवड्यात घट्ट करून नेलंस.”

“डोकं वाढलंय, वर्लिन. कौतुकाने.”

हसला खरा, पण ट्यूबलाइटकडे बघताना त्याने डोळे मिचकावून घेतले. दोन दिवसांनी धुण्याच्या खोलीत गेलो तर दिवा बंद, आणि एमेट मशीनच्या काचेला कपाळ टेकून बसलेला. “काय रे?” विचारलं. म्हणाला, “गार वाटतं.” कोपऱ्यातल्या बादलीत तो ओकला होता.

आमची ट्रेनर आता मारिसोल इबारा, कामाला चोख मुलगी. ती ऑगस्टमध्ये सगळ्या पोरांची संगणकावर परीक्षा घेते, लक्षात किती राहतं, बोट किती चटकन हलतं याची. पुढे कुणाला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घेऊन ताडून बघायची. पोरं काय करतात, ऑगस्टमध्येच मुद्दाम चुकतात. आधीच मठ्ठ ठरलं की पुढे मठ्ठपणा दिसत नाही. “मी तर रंगसुद्धा उलटे सांगितले,” असं माझ्याच खोलीत, माझ्यादेखत, हसून सांगणारा एमेट होता. मी मारिसोलला बोललो नाही. न बोलायची मला पंधरा वर्षांची सवय.

नवव्या सामन्यानंतरच्या रविवारी ट्रंक उघडली. हेल्मेट घामाने निथळत होतं. पुसायला आत फडकं घातलं तर गादीला दोन केस चिकटलेले मिळाले. टेटचे केस गव्हाळ होते. हे तांबडे होते.

मी ट्रंकेला कुलूप घातलं. मग उठून मारिसोलकडे गेलो. “बावीस नंबरवर लक्ष ठेव,” मी म्हटलं.

“का? तुम्हाला काय दिसलंय?”

“काही नाही. म्हाताऱ्याची बडबड.”

एवढंच बोललो. बादलीचं नाही, परीक्षेचं नाही. एक सांगायला लागलो की दुसरं आपोआप बाहेर पडेल, ही भीती. एका पोराचा जीव एका बाजूला आणि माझी अब्रू दुसऱ्या बाजूला, आणि मी काटा मधोमध धरून ठेवायला बघत होतो.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर. जिंकलो तर गटातले विजेते. आणि शेवटच्या सामन्याला शार्लीन येते. पंधरा वर्षं, न चुकता. तीनशे मैलांवरून एकटी गाडी हाकत येते आणि सामन्याआधी कुंपणापाशी मला लिंबाच्या वड्यांचा डबा देते. मी तो धुऊन टपालाने परत पाठवतो. वड्या खातोही. सांगायला लाज वाटते, पण खातो.

“यंदा साखर कमी घातलीये,” ती म्हणाली. “तुमच्या वयाकडे बघून.”

“माझ्या वयाला काय झालंय?”

“टेट फोनवर तुमचंच सांगायचा. वर्लिन म्हणजे आतून मऊ, म्हणायचा.” दरवर्षी हे म्हणते. म्हणून झालं की माझ्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबते, मी काही बोलेन म्हणून. मी दरवर्षी डबा घेतो आणि वळतो. याही वर्षी वळलो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये एमेटला दोघांनी दोन्हीकडून धडक दिली. उठला तो समोरच्या संघाच्याच घोळक्याकडे चालायला लागला. स्टँडवर लोक हसले. मारिसोलने त्याला बाहेर आणलं, दोन प्रश्न विचारले आणि हेल्मेट काढून माझ्याकडे दिलं. “काही झालं तरी त्याच्या हातात द्यायचं नाही.”

“नाही देणार,” मी म्हटलं. दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि ट्रंकेवर बसलो.

शेवटच्या मिनिटात आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि चेंडू त्यांच्या गोलरेषेपासून वीस यार्डांवर. एमेट मागे येऊन उभा राहिला.

“दोनच चाली, वर्लिन.”

“नाही.”

“बावीस वर्षांत पहिल्यांदा गट जिंकतोय आपण.”

“नाही म्हटलं ना. बस जाऊन.”

तो हसला. “तुम्ही मला देऊ नका. तुम्ही फक्त तिकडे बघा.”

हे शब्द माझ्याखेरीज कुणी ऐकलेले नव्हते. मी ते कधी कुणाला सांगितलेले नव्हते. मी उठलो आणि हेल्मेट छातीशी कवटाळून बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मागे वळून बघितलं नाही. मनात म्हणत होतो, या वेळी दिलं नाही. या वेळी मी घट्ट राहिलो. म्हणजे पुन्हा मी तिकडेच बघत होतो.

वळलो तेव्हा ट्रंकेचं झाकण उघडं होतं. कुलूप गवतात पडलेलं. किल्ली माझ्या गळ्यात होती, हात लावून पाहिली.

मैदानात आमची अकरा पोरं रांगेत उभी राहत होती. बावीस नंबरची जर्सी त्यांच्यात होती. डोक्यावर जाड सळयांची जाळी, आणि मागे चौतीस.

ओरडून उपयोग नव्हता, स्टँड आधीच ओरडत होता. हातवारे केले असते तर कोचला वाटलं असतं म्हातारा खुशीत आलाय. एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, आणि ती केली की ते हेल्मेट दिवसाउजेडी सगळ्यांसमोर येणार, शार्लीनसमोर येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी धावलो. सहासष्टाव्या वर्षी, एकाच धड गुडघ्यावर, सामन्याच्या मधोमध, पांढरी रेघ ओलांडून.

नियमभंगाचा पिवळा रुमाल पडला, शिट्टी वाजली. “आजोबा, कुठे निघालात?” रेफरी मागून विचारत होता. मी एमेटची जाळी धरली आणि हेल्मेट ओढून काढलं. आतून पाणी गळलं माझ्या मनगटावर, कोमट. एमेटच्या एका डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होती, दुसऱ्याची बटणाएवढी.

“ट्रंक उघडीच होती,” तो जड जिभेने म्हणाला. “वरच ठेवलं होतंत. मला वाटलं, माझ्यासाठीच.” मग तो माझ्या अंगावर कलला.

मारिसोल धावत आली, मागोमाग रुग्णवाहिका. त्याच संध्याकाळी त्याची कवटी उघडून आतलं रक्त काढलं. पोर वाचलं. आणखी एक धडक बसली असती तर वाचलं नसतं, असं डॉक्टरने त्याच्या घरच्यांना सांगितलं. पण ते नंतर. मैदानावर माझ्यामुळे पंधरा यार्डांची शिक्षा झाली, चेंडू मागे गेला, खांबांमधून मारायची तीन गुणांची लाथ आखूड पडली आणि आम्ही दोन गुणांनी हरलो.

“कुणी दिलं त्याला हेल्मेट?” कोच रूड माझ्या तोंडाशी येऊन म्हणाला. “एक काम होतं तुम्हाला, वर्लिन. एकच.” तो बरोबर बोलत होता, पण पंधरा वर्षं उशिरा.

“रॉन्सटाड कोण?” मारिसोलने पट्टीवरचं नाव वाचून विचारलं. शार्लीन पायऱ्या उतरून कुंपणापर्यंत आली होती. तिने हात पुढे केला आणि मी हेल्मेट तिला दिलं.

लोक पांगल्यावर आम्ही स्टँडच्या सगळ्यात खालच्या बाकावर बसलो. नोव्हेंबरचं ऊन उतरत होतं. हेल्मेट तिच्या मांडीवर. हे कुठून आलं, असं तिने विचारलं नाही. जाळीवर बोटं फिरवत राहिली.

“शार्लीन,” मी म्हटलं, “त्या दिवशी हे बाकड्यावर नव्हतं. माझ्या हातात होतं. त्याने मागितलं आणि मी दिलं. चौकशीत खोटं बोललो. गॉर्डीचा दोष नव्हता, टेटचाही नव्हता. तुमच्या वड्या खाल्ल्या मी इतकी वर्षं.”

ती माझ्याकडे बघेना. तिने हात आत घातला. “ओलं आहे,” म्हणाली. गळ्यातला स्कार्फ काढला आणि आतून पुसायला लागली, एकेक गादी दाबून.

“काय म्हणाला तो, मागताना?”

“दोनच चाली, म्हणाला.”

“आणखी?”

हे मी तिला सांगणार नव्हतो. सगळं कबूल करायचं, पण एवढं माझ्याबरोबर न्यायचं, असं ठरवलं होतं. ते तिच्या भल्यासाठी होतं असं मी स्वतःला सांगत आलो होतो. ती पुसायची थांबली. “आणखी काय, वर्लिन?”

“आई आलीये, म्हणाला. तिच्यासमोर असा बसून राहू?”

तिने मैदानाकडे बघितलं. मग म्हणाली, “मी वरून त्याला हात करत होते. जा की, असा. बसलाय काय नुसता, एवढ्या लांबून आले मी. त्याने मान वर करून बघितलं. मग तो तुमच्याकडे गेला.” स्कार्फची घडी उलटी करून ती पुन्हा पुसायला लागली. “पंधरा वर्षं मी येते. वाटायचं, एखाद्या वर्षी तुम्ही सांगाल. आईचं नाव त्याने काढलंच नव्हतं, असं सांगाल.”

माझ्याकडे द्यायला तेवढंही नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून राहिलो. समोर पोरं कोपऱ्यांतली खुणेची दांडकी उपटून गोळा करत होती. स्कार्फ भिजून काळा पडला होता, तरी ती पुसत होती.

दिवस मावळायला आला तेव्हा तिने माझा हात धरला आणि हेल्मेटाच्या आत नेऊन ठेवला. गादी कोरडी होती. गार पडली होती, बाकीच्यांसारखी.